साक्षगंधापुरता फोन

फोन बदलायचा ठरला त्या दिवशी घरात सगळं ठीक होतं. बिट्टूचा खोकला गेला होता, कुलरमध्ये पाणी होतं, नणंदेची सोयरीक जुळली होती. एरवी सगळं ठीक असलं की माझ्या पोटात गोळा येतो. (आमचे हे म्हणतात, तुले काळजी कराले काही नसलं का तू त्याचीच काळजी करते.) त्या दिवशी नेमका गोळा आला नाही, आणि तिथंच मी फसले.

माझा जुना फोन अँड्रॉइडवाला. काच एका कोपऱ्यात फुटलेली, एकदा बिट्टूनं वरणाच्या वाटीत बुडवून काढलेला, तेव्हापासून आवाज थोडा घोगरा. पण त्याच्यात एक गुण होता. आलेला-गेलेला प्रत्येक फोन तो गुपचूप रेकॉर्ड करून ठेवायचा. मी सातवी शिकलेली. लिहिता-वाचता येतं, पण फोनवर कोणी भराभर बोललं की माझ्या डोक्यात पहिलं वाक्य राहतं आणि शेवटचं राहतं, मधलं सगळं गळून जातं. बिट्टू झाला तेव्हा डॉक्टरसाहेब फोनवर सांगायचे, हे औषध जेवणाआधी, ते जेवणानंतर, ताप उतरला तर हे बंद, नाही उतरला तर ते चालू. फोन ठेवला की मला एवढंच आठवायचं, 'ताई, घाबरू नका.' (आणि नेमकं तेवढंच मला जमत नव्हतं.) म्हणून मग भांडी घासता घासता मी डॉक्टरसाहेबांचं रेकॉर्डिंग पुन्हा लावायचे, कपडे वाळू घालताना पुन्हा. आमचे हे दुकानातून घरी आले की दारातूनच विचारायचे, घरात कोण माणूस बोलून राहिला?

आता माणसं एकाच जातीच्या फोनला का धरून बसतात, हे शिकल्या-सवरलेल्या लोकांना विचाराल तर ते काही मोठं सांगतील. आमच्या गाडगेनगरच्या बिल्डिंगमध्ये कारण साधं आहे. चार्जर. अँड्रॉइडवाल्याचा चार्जर बिघडला तर तो कोणाचंही दार वाजवू शकतो. वरच्या मजल्यावरच्या सरांकडे आयफोन आहे, त्यांना चार्जर मागायला जागा नाही, म्हणून ते बिचारे सगळ्यांशी थोडं अंतर ठेवूनच वागतात. दुसरं कारण म्हणजे शिकवणारा माणूस. मला फोनमधलं सगळं माझ्या यांनी शिकवलं, यांना यांच्या दुकानातल्या माणसानं, त्याला त्याच्या साळ्यानं. अशी साखळी असते. एकानं फोनची जात बदलली की तो साखळीतून तुटला, मग त्याला विचारायलाही कोणी नाही. आमचे हे तर अँड्रॉइडचे एवढे इमानदार की दुसऱ्याच्या हातात आयफोन दिसला की असं पाहतात जसं घरच्या माणसानं पक्ष बदलला.

मग असं असताना मी कावून बदलला? तर साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी.

माझी नणंद अपेक्षा. तिच्यासाठी अकोल्याचं स्थळ मीच सुचवलं होतं. मुलगा अंकुर, सरळ पोरगा, आणि त्याची आई रुख्मिणीमावशी म्हणजे माझ्या आईची चुलत बहीण. हे इथं सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात माझा जीव कशात अडकला होता ते कळलं पाहिजे. सोयरीक टिकली असती तर म्हटलं असतं, योग होता. मोडली असती तर म्हटलं असतं, दामिनीनं आणली होती. सासरी माझं उरलेलं आयुष्य ह्याच एका वाक्याखाली गेलं असतं.

पाहण्याच्या कार्यक्रमाला अकोल्याची मंडळी आमच्याकडे आली. मावशीच्या गळ्यात एक दोरी आणि दोरीला आयफोन, जसा काही तो मंगळसूत्राचाच भाग. अंकुरच्या हातातही तोच. पोहे झाले, फोटो झाले. मावशी म्हणाली की फोटो तिकडून इकडे नुसते सरकवून द्या, एका सेकंदात येतात. आमच्याकडून काही सरकलं नाही. मग आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवले, तर अपेक्षाचा चेहरा असा दिसत होता जसा पावसाच्या काचेमागून. मावशी काही वाईट बोलली नाही. फक्त म्हणाली, "राहू द्या, ज्याच्यापाशी जो फोन असते." पण हे वाक्य माझ्या सासूबाईंना असं लागलं की मंडळी गेल्यावर त्यांनी कपबशासुद्धा उचलू दिल्या नाहीत.

सासूबाईंचं नाव मनकर्णाबाई. त्या नांदगाव खंडेश्वरला शेतावरच्या घरी राहतात आणि स्वतः बटणाचा फोन वापरतात. पण निकाल त्यांनीच दिला. साक्षगंधाच्या आत आपल्या घरात एकाकडे तरी तो फोन पाहिजे. यांनी हात वर केले. अपेक्षा तयार होती, पण नवरीच्या हातात साक्षगंधाआधी नवा फोन दिसला तर लोक काय म्हणतील, म्हणून ती बाद. बिट्टू दोन वर्षांचा. उरलं कोण?

आम्ही परवेजभाईंच्या दुकानात गेलो. आमच्या घरातला प्रत्येक फोन त्यांच्या हातून आला आणि त्यांच्याच हातून दुरुस्त झाला. त्यांनी एक वापरलेला आयफोन काढला, फडक्यानं पुसला आणि असा समोर ठेवला की मला वाटलं, आता याला हळदी-कुंकू वाहावं लागते. मी एकच विचारलं, याच्यात कॉल रेकॉर्ड होते का? परवेजभाई म्हणाले, "होते ना भाभी. कॉल चालू असताना हे इथं दाबायचं. फिक्र नका करू, याच्यात सगळं आहे." एवढंच. बाकीचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जुन्या फोनमधलं किती सामान नव्यात आलं ते मला आजवर कळलेलं नाही. नंबर आले, फोटो आले, डॉक्टरसाहेबांची दोन वर्षं काही आली नाहीत. जात बदलली की असं होते, परवेजभाई म्हणाले. जुना फोन मी घरी आणून कपाटात ठेवला. तो तिथं दोन दिवसांत कायमचा गेला, मला वाटतं दुःखानं.

नवा फोन चेहरा पाहून उघडायचा. आता मे महिन्यात आमच्या अमरावतीत कोणती बाई तोंड उघडं ठेवून बाहेर निघते? स्कूटीवर बसायचं म्हणजे आधी स्कार्फ, डोक्यापासून गळ्यापर्यंत, फक्त डोळे बाहेर, आणि डोळ्यांवर गॉगल. पंचवटी चौकात सिग्नलला यांचा फोन आला म्हणून उचलायला गेले, तो कट झाला. परत लावावा म्हटलं तर फोन उघडेना. गॉगल काढला, उघडेना. नाकापर्यंत स्कार्फ सोडला, उघडेना. शेवटी सगळा सोडला तेव्हा कुठं त्याला ओळख पटली. तोवर सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा ऑटोवाला म्हणत होता, "ताई, फोटो मंग काढजा." तेव्हापासून मी बाहेर फोन घेऊन जायची, पण वापरायला घरी यायची.

सासूबाई साक्षगंधाच्या तयारीसाठी आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं म्हणणं असं की लग्नकार्यात सगळी भांडणं 'तुमी असं बोलले होते' इथून सुरू होतात. म्हणून त्यांनी मला कामाला लावलं, मावशीशी एकेक गोष्ट फोनवर बोलून घे, "अन् तुह्या फोनमंधी ते टेप होते नं, ते करून ठेव. मंग कोनी फिरलं तं आपल्यापाशी असू दे."

मी मावशीला फोन लावला. मावशीनं नेहमीसारखं, "काय वं दामिनी, पोट्टं कसं आहे," असं विचारलं. मी परवेजभाईंनी दाखवलेलं बटण दाबलं. तर फोनमधून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. त्यातलं कॉल मला समजलं आणि रेकॉर्ड समजलं. मला वाटलं, वा, किती चांगला फोन आहे, मला सांगून राहिला की झालं बरं तुमचं काम सुरू. जुना तर मुका होता.

मग मी विचारलं, "मावशी, जेवणात आलू-वांग्याची भाजी चालते ना तुमच्याकडच्यांना?"

तिकडून उत्तर आलं, पण ती मावशी नव्हती. रेडिओवर बातम्या सांगतात तसा आवाज.

"आमच्याकडून कोणत्याही प्रकारची मागणी नाही," ती म्हणाली. "पूर्वी नव्हती, आता नाही आणि पुढेही राहणार नाही."

मी म्हटलं, मावशी, भाजीचं विचारून राहिली. तर म्हणाली, "जे आपण प्रेमानं वाढाल ते आम्हाला मान्य आहे. आम्ही हुंड्याच्या विरोधात आहोत." आणि फोन ठेवला.

मी घाबरले. जन्मात मावशीनं मला 'आपण' म्हटलं नव्हतं. तिनं मला लहानपणी आंघोळ घातली आहे. रेकॉर्डिंग सासूबाईंना ऐकवलं. (त्यात ती इंग्रजी बाई नव्हती. तिचं बोलून झाल्यावरच रेकॉर्डिंग सुरू व्हायचं.) सासूबाईंनी आधी चष्मा लावला, मग ऐकलं. दोनदा ऐकलं. मग चष्मा काढून मला म्हणाल्या, "आलू-वांगे विचारले अन् हुंड्याचं बोलली. ज्याच्या मनात नाही ते त्याच्या तोंडात कावून येईन वं?"

रात्रभराचं काम लागलं डोक्याला.

दुसऱ्या दिवशी माणसं किती येणार ते विचारायला लावलं. मी फोन लावला, बटण दाबलं, इंग्रजी बाई बोलली, आणि मावशी पुन्हा बातम्यांवर गेली. म्हणाली, "कायद्यानं जेवढे येता येतात तेवढेच येऊ." मी यांना विचारलं, साक्षगंधाला किती माणसं न्यायची याचा कायदा आहे का? हे म्हणाले, आपल्याले तं माहीत नाही, पण आजकाल सगळ्याचाच कायदा असते. सासूबाईंनी हेही टेप ऐकलं आणि म्हणाल्या की कायद्याचं नाव काढून राहिली म्हणजे काहीतरी मोठं पायजे असन, अन् मांगाले लाजून राहिली.

घरात दोन दिवस ह्याच एका गोष्टीवर चर्चा. मोठं म्हणजे काय? यांना वाटे गाडी. सासूबाईंना वाटे, शेताच्या बाजूचा तो तुकडा. मला काहीही वाटायच्या आधीच धाप लागायची. अपेक्षा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, अंकुर आता फोनवर मले अपेक्षाजी म्हणते. काल म्हने, आपली प्रकृती कशी आहे. माह्यं काही चुकलं काय?" तिचे डोळे भरले होते. मी तिला म्हटलं, तुझं नाही चुकलं बाई, जे चुकलं असेल ते माझंच असेल. (हे मी धीर द्यायला म्हटलं होतं. खरं निघेल असं वाटलं नव्हतं.)

शेवटी सासूबाई म्हणाल्या, आडून आडून काय विचारते, सरळ विचार. मी फोन लावला, बटण दाबलं, बाईचं बोलून होऊ दिलं आणि म्हटलं, "मावशी, आपण घरचेच. तुम्हाला काही पाहिजे असेल तर मोकळं सांगा. लाजू नका. काय पाहिजे ते नाव घेऊन सांगा."

तिकडून फोन कट झाला.

त्याच दिवशी मावशीचा मेसेज आला. सध्या उन्हाळा फार आहे, तर साक्षगंध थोडं पुढं ढकलू, नंतर कळवू. नंतर कळवू म्हणजे काय ते मुलीवाल्यांना सांगावं लागत नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. अपेक्षा खोलीत गेली. आमचे हे माझ्याकडे पाहत होते आणि माझ्या हातातल्या फोनकडे पाहत होते.

अशात बिट्टूला ताप. दाढा येत होत्या, तोंडात बोट, लाळ, किरकिर, हे मला माहीत होतं, पण माहीत असण्यानं माझी भीती कधी कमी झालेली नाही. मी डॉक्टरसाहेबांना फोन लावला. बटण दाबलं. बाई बोलली. मी सगळं सांगितलं. एरवी ते हसून म्हणायचे, ताई, दात येऊन राहिले, घाबरू नका. त्या दिवशी म्हणाले, "प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी कोणताही सल्ला देऊ शकत नाही. बाळाला ताबडतोब घेऊन या."

ताबडतोब. डॉक्टरसाहेबांनी हा शब्द माझ्यासमोर कधी वापरला नव्हता. बिट्टूला उचललं, स्कार्फ नाही, गॉगल नाही, पायात एक चप्पल माझी आणि एक सासूबाईंची, ऑटो केला आणि ऑटोवाल्याला सारखी म्हणत होते, दादा लवकर, डॉक्टर ताबडतोब म्हणाले. बिट्टू मांडीवर बसून माझ्या केसांची क्लिप चावत होता.

डॉक्टरसाहेबांनी तपासलं. छाती ऐकली, तोंड उघडून पाहिलं. म्हणाले, दाढा येत आहेत, बाकी काही नाही. मी म्हटलं, साहेब, खरं सांगा, लपवू नका, तुम्ही फोनवर ताबडतोब म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही माझा कॉल रेकॉर्ड करत होता ना?"

मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं?

"तुमच्याच फोननं सांगितलं. ती बाई दोन्हीकडे बोलते. समोरच्याला कळावं म्हणूनच बोलते." मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही माझ्यावर केस करणार आहात."

मी तिथल्या बाकड्यावर बसले. दोन्हीकडे बोलते. मग आलू-वांग्याच्या वेळीही दोन्हीकडे बोलली. माणसं किती येणार तेव्हाही. आणि 'काय पाहिजे ते नाव घेऊन सांगा' असं मी म्हटलं, त्याच्या आधीही तिनं मावशीला आठवण करून दिली होती की बाई, हे सगळं टेप होत आहे. म्हणजे अकोल्याच्या हिशेबानं मी हुंड्याच्या केससाठी पुरावा गोळा करत होते. सख्ख्यासारख्या मावशीकडून, आणि मनमोकळं सांगा म्हणून. बिट्टूनं बाकड्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला, आणि मला रडू आलं.

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे आधी हसले, मग त्यांना सोयरीक आठवली आणि हसू अर्ध्यात राहिलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, फोनवर माफी माग. मी म्हटलं, आई, आता माझा फोन उचलेल कोण? बरोबर होतं. एकच रस्ता होता, अकोल्याला जाऊन समोर बसून सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच एसटीनं आम्ही निघालो, मी, हे, सासूबाई आणि मांडीवर बिट्टू. मूर्तिजापूर येईपर्यंत मी काय बोलायचं ते मनात पाठ केलं आणि बोरगाव मंजू येईपर्यंत विसरले.

मावशीनं दार उघडलं, या म्हणाली, पाणी दिलं. पण पाण्याआधी एक परात आणली. म्हणाली, सगळ्यांचे फोन याच्यात ठेवा. आम्ही ठेवले. सासूबाईंनी त्यांचा बटणाचाही ठेवला. मावशीनं परातीवर टॉवेल टाकला, ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, दार लावलं, आणि मग कुठं बसली. अंकुर समोर होता. त्यानं आम्हाला वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांना 'आपण' म्हणाला.

मी सांगायला सुरुवात केली. पाठ केलेलं काही आठवेना, म्हणून जे होतं ते सांगितलं. की मावशी, मला फोनवर ऐकलेलं लक्षात राहत नाही. बिट्टूच्या औषधांपायी सवय लागली. जुना फोन आपोआप करायचा, मुकाट्यानं. हा नवा बोलतो हे मला माहीत नव्हतं. तुमच्याबद्दल मनात काही नव्हतं. मी काही तुमचंच नाही केलं, सगळ्यांचंच करते.

मावशीचा चेहरा सैल पडायला लागला होता. तेवढ्यात बाजूला बसलेल्या सासूबाई हलल्या.

"सगळ्याईचं म्हंजे?"

मी म्हटलं, डॉक्टरांचं, माझ्या आईचं, गॅसवाल्याचं.

"अन् माह्यं?"

मी खाली पाहिलं. हे वर पाहू लागले, पंख्याकडे.

"म्हंजे पाहण्याचा कार्यक्रम झाल्यावर मी गावाहून तुले फोन केलता," सासूबाई एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "ते बी आहे?"

तो फोन मला चांगला आठवत होता, कारण तो मी भांडी घासताना पुन्हा ऐकला होता. त्यात सासूबाईंनी मावशीच्या गळ्यातल्या दोरीपासून सुरुवात केली होती आणि पोह्यांत लिंबू किती पिळलं इथपर्यंत आल्या होत्या. मावशीबद्दल जे जे म्हणायचं राहिलं असेल ते सगळं त्यात होतं.

मावशी आता पहिल्यांदा हसली. पदर सावरून पुढं सरकली. "असं काय," म्हणाली, "मंग ऐकव की वं दामिनी. परातीतून फोन आण. माह्याबद्दल विहीणबाईचं काय मत आहे ते आमाले बी समजू दे."

मी सांगायला तोंड उघडलं की ते सगळं जुन्या फोनमध्ये होतं, नव्यात आलंच नाही, जुना तर मेला. फोनची जात बदलल्यानं माझं भलं झालं असेल तर एवढंच. पण यांनी माझ्या पायावर पाय दिला आणि तो तसाच दाबून ठेवला. आणि त्या क्षणी माझ्या सासूबाई, ज्या माझ्या लग्नापासून माझ्याशी एक शब्दही गोड बोललेल्या मला आठवत नाहीत, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या विहीणबाई," त्या म्हणाल्या. "भोळी आहे पोरगी. तिच्या मनात काही नसते. आता फोन-बिन कायले आनता, आपन समोरासमोर बसलो नं. तुमी म्हनान तसं साक्षगंध करू. माणसं बी तुमी म्हनान तितकी. अन् तुमचा फोन गळ्यात भल्ला शोभून दिसते, मी तं त्याच दिवशी म्हटलं होतं."

मावशीनं हे सगळं ऐकून घेतलं. तिला काय समजायचं ते समजलं असावं, पण तिनं ताणलं नाही. अंकुरनं मान वर करून विचारलं की मग आता मी अपेक्षाला फोन करू शकतो का, आणि तिथंच सोयरीक परत जुळली. मावशीनं फक्त एक अट घातली. मी बिट्टूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, की लग्न होईपर्यंत एकही फोन टेप करणार नाही. मी घेतली. माझ्यासारख्या बाईला बिट्टूची शपथ म्हणजे काय ते दोघींनाही माहीत होतं. निघताना मावशीनं परातीतले फोन परत दिले, जेवायला थांबवलं, आणि जेवायला आलू-वांग्याची भाजी केली.

परत आल्यावर हे म्हणाले, चल, तो फोन परवेजभाईले वापस देऊन येऊ, आपला अँड्रॉइड घेऊ. मी नाही म्हटलं. आता कुठं त्याला माझी सवय झाली होती. नवा फोन घेतला की त्याची बटणं नवी, त्याची खोड नवी, आणि त्याच्यापायी कोणाच्या घरी जाऊन माफी मागायची तीही नवी. माणसं एका फोनला चिकटून राहतात ती प्रेमानं नाही, धास्तीनं राहतात. निदान मी तरी.

साक्षगंध ठरल्या दिवशी झालं. हॉल भरला होता, कुलर लावले होते, अपेक्षा मोरपंखी शालूत एवढी सुंदर दिसत होती की मला तिच्याही काळजीनं पोटात गोळा आला. अंगठ्या झाल्या. भटजी म्हणाले, आता हार आणा.

हार नव्हते.

मावशी सासूबाईंकडे पाहू लागली आणि सासूबाई मावशीकडे. मावशी म्हणाली, "दामिनी फोनवर बोलली होती नं, आमी आनतो म्हणून." सासूबाई म्हणाल्या, "नाही बाप्पा, दामिनीनं मले सांगतलं, हार तुमच्याकडून आहेत." आदल्या दिवशी मावशीशी माझं बोलणं झालं होतं, हे खरं. त्यात फेटे, पेढे, हार, ओटीचे नारळ सगळं होतं, हेही खरं. पहिलं वाक्य मला आठवत होतं, 'काय वं, पोट्टं कसं आहे,' आणि शेवटचं, 'घाबरू नको.' मधलं सगळं गळून गेलं होतं.

दोघी एकदमच माझ्याकडे वळल्या.

"टेप लाव," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, केलं नाही. बिट्टूची शपथ घेतली होती.

मावशीनं कपाळाला हात लावला. "अवं, शपथ घेतली म्हणून एवढं मनावर घ्या लागते काय?" मग सासूबाईंकडे वळून म्हणाली, "नको तवा सगळं टेप केलं, अन् कामाच्या येळेले कोरी."

"मी इतके वर्ष हेच सांगून राहिली," सासूबाई म्हणाल्या.

आमचे हे हार आणायला धावले. भर दुपारी कोणतं फुलाचं दुकान उघडं असते? जे मिळाले ते घेऊन आले, एका दुकानाच्या उद्घाटनासाठी करून ठेवलेले होते, झेंडूचे, आणि एवढे लांब की अंकुरच्या गुडघ्यापर्यंत आले. तोवर दोन्ही विहिणी शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसल्या होत्या, एकाच ताटातला पेढा खात होत्या आणि जाता-येता पाहुण्यांना सांगत होत्या. सोयरीक जुळल्यापासून ह्या एकाच गोष्टीवर त्या दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. "हे पोरगी मनानं लाख चांगली, पण हिच्या भरोशावर लग्न ठेवू नका."

रेकॉर्डिंग न करता माझ्या शब्दन् शब्द लक्षात राहिलेलं हे आजवरचं एकमेव वाक्य.